वरून धूळ सुंदरच दिसते

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो पुन्हा आला. निळाभोर अरबी समुद्र, वरच्या कोपऱ्यात कराचीचा किनारा, आणि त्या किनाऱ्यावरून गुजरातच्या दिशेने पसरत आलेला फिकट तपकिरी पट्टा. खाली नेहमीचे यशस्वी कलाकार हजर होतेच. "वॉव!", "निसर्गासारखा चित्रकार नाही", तीन जोडलेले हात, दोन बदाम. आणि सगळ्यात शेवटी आमच्या मामांचं ठेवणीतलं वाक्य : "शेजाऱ्यांनी पाठवलेली भेट. तिकडून आणखी काय येणार?"

फोटो जानेवारी २०२२ चा आहे. दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी तो नव्याने शोधून काढतं आणि आजचाच असल्यासारखा पाठवतं. मला मात्र त्याची तारीख पाठ आहे.

२३ जानेवारी २०२२, रविवार. आदल्या दिवशी उपग्रहांना पाकिस्तानच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरताना दिसलेली धूळ सौराष्ट्र ओलांडून मुंबईवर आली होती. आमच्या डोंबिवलीत सूर्य दिसत होता, पण चंद्रासारखा. सरळ डोळे लावून बघता येत होतं. गॅलरीच्या कठड्यावर, खाली लावलेल्या गाड्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर पिठासारखी पांढुरकी भुकटी बसली होती. आईचा दमा जुना. दुपारी तिला धाप लागायला सुरुवात झाली, संध्याकाळी एक वाक्य दोन श्वासांत बोलायला लागली, आणि रात्री शेजारच्या काकूंकडून नेब्युलायझर आणावा लागला. त्याच रात्री तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला. आणि (खोटं कशाला बोलू?) मीच तो ग्रुपवर पाठवला. "वरून काय भारी दिसतंय बघा" असं लिहून. आतल्या खोलीत मशीन घरघरत होतं आणि मी बाहेर बसून किती बदाम येतात ते मोजत होतो.

तेव्हापासून माझं या फोटोंशी भांडण आहे. फोटोंशी नाही म्हणा, ते बघण्याच्या आपल्या सवयीशी. आज ते एकदा नीट भांडून घेतो. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे, म्हणूनच इथे.

पहिली गोष्ट. हा फोटो नेमकं काय दाखवतो? आपण इतकी वर्षं पाहत आलो ते बहुतेक फोटो टेरा आणि ॲक्वा या दोन उपग्रहांवरच्या 'मॉडिस' नावाच्या उपकरणाने काढलेले. टेरा डिसेंबर १९९९ मध्ये वर गेला, ॲक्वा मे २००२ मध्ये. सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून एका फेरीत २,३३० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपायचा. त्यांची मूळ वेळ ठरलेली होती, एकाची सकाळी साडेदहाच्या आसपास आणि दुसऱ्याची दुपारी दीडच्या. म्हणजे आपल्या गावावरून उजेडात दिवसाकाठी दोन नजरा. बाकीच्या वेळात खाली काय झालं ते या फोटोत नाही.

शिवाय वरून बघणाऱ्याला जमिनीपासून आभाळापर्यंतचा सगळा थर एकदम दिसतो. त्या थरातून येताना प्रकाश किती अडला यावरून हवेत एकूण धूळ किती हे काढतात. पण ती धूळ चार किलोमीटरवर तरंगते आहे की तुमच्या खिडकीशी आहे, हे त्या आकड्यात नसतं. उन्हाळ्यात सहारावरून अटलांटिककडे निघणारी धूळ पुष्कळदा पाच-सहा किलोमीटरपर्यंत चढलेली असते. खालचा माणूस मजेत श्वास घेत असतो आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की बेट बुडालं! उलटही होतं. फोटोत जेमतेम दिसणारा फिका पट्टा जमिनीलगत असला की आमच्या आईसारखी माणसं रात्रभर उशीला टेकून बसतात.

ही अडचण शास्त्रज्ञांना माहीत नव्हती असं मुळीच नाही. म्हणून तर २००६ मध्ये अमेरिका आणि फ्रान्सने मिळून 'कॅलिप्सो' सोडला. तो वरून लेझरचा किरण सोडायचा आणि परत आलेल्या उजेडावरून धुळीचा थर किती उंचीवर आहे ते सांगायचा. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत त्याने काम केलं. पण त्याची चित्रं कुणी फॉरवर्ड केलेली पाहिलीत? नाही ना. कारण ती दिसायला एखाद्या कापलेल्या, डागाळलेल्या भिंतीसारखी असतात. त्यात समुद्र निळा नसतो. थोडक्यात, ज्या चित्रात नाकाची खबर आहे ते आपल्याला नको, आपल्याला भिंतीवर लावण्याजोगं चित्र हवं!

दुसरी गोष्ट याहून वाईट. सगळ्यात जास्त माणसं मारणारी वादळं या फोटोंत पुष्कळदा दिसतच नाहीत. २ मे २०१८ ची संध्याकाळ आठवा. राजस्थानात भरतपूर, अलवर, धोलपूर आणि उत्तर प्रदेशात आग्रा या भागात धुळीचं वादळ आलं. शंभराहून जास्त माणसं गेली. भिंती पडल्या, झाडं पडली, छपरं उडाली. गडगडाटी पावसाच्या ढगातून थंड हवा जोरात खाली आदळते आणि जमिनीवरची धूळ उचलत पुढे धावते, त्यातलं हे वादळ. अशा वेळी वरून दिसतो तो ढगाचा पांढराशुभ्र माथा. धूळ त्याच्या पोटाखाली. आणि वेळही संध्याकाळ-रात्रीची. आता सांगा, या वादळाचा "निसर्गासारखा चित्रकार नाही" असा फोटो कुणाच्या ग्रुपवर आला होता? माझ्या तरी नाही.

उलट जून २०२० मध्ये सहारातून निघालेला प्रचंड लोट अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर गेला, तर त्याचं बारसं झालं 'गॉडझिला'! सिनेमातल्या राक्षसाचं नाव. करोनाच्या त्या महिन्यांत आधीच दम लागलेल्या माणसांच्या नाकात ती धूळ जात होती. पण नाव असं ठेवायचं की पॉपकॉर्न घेऊन बसावंसं वाटेल.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते मुख्य. हे फोटो पाहून आपण एक शब्द वापरतो, 'नैसर्गिक'. हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो उच्चारला की कुणाला काही विचारावं लागत नाही.

या शब्दाची सगळ्यात लाडकी कथा म्हणजे सहारा आणि ॲमेझॉनची. तुम्हीही ती वाचली असेल. आफ्रिकेतल्या वाळवंटाची धूळ समुद्र ओलांडून जाते आणि ॲमेझॉनच्या जंगलाला खत घालते, निसर्गाची केवढी ही योजना, वगैरे. कथा खोटी नाही. चाड देशात बोडेले नावाचा एक खोलगट भाग आहे. हजारो वर्षांपूर्वी आटलेल्या एका महाकाय तळ्याचा तो तळ. तिबेस्ती आणि एनेडी या डोंगरांमधल्या फटीतून वारा घुसतो आणि त्या तळातली भुसभुशीत पांढरी माती उधळतो. २०१५ मध्ये कॅलिप्सोच्या २००७ ते २०१३ या वर्षांच्या मोजमापांवरून हिशोब मांडला गेला की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वर्षाला सरासरी १८.२ कोटी टन धूळ निघते, तिच्यातली सुमारे २.७७ कोटी टन ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते आणि तिच्याबरोबर अंदाजे २२,००० टन फॉस्फरस तिथे पोचतो. पावसाने तिथला जेवढा फॉस्फरस वाहून जातो, जवळपास तेवढाच.

इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात आणि उठतात. पण पिक्चर अजून बाकी असतो. त्याच हिशोबात हेही दिसलं होतं की हे प्रमाण एका वर्षातून दुसऱ्या वर्षात भयंकर बदलतं. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवलं की त्या फॉस्फरसमध्ये आफ्रिकेतल्या आगींच्या धुराचा वाटाही मोठा आहे. त्यातल्या कितीतरी आगी माणसं लावतात. झालं, 'निसर्गाची योजना' लगेच थोडी काळवंडली. पण हा दुसरा भाग फॉरवर्ड होत नाही.

आणि बोडेले निदान खरोखरच निसर्गाने आटवलेलं तळं आहे. सगळी तशी नाहीत. अरल समुद्राचं घ्या. १९६० नंतर सोव्हिएत सरकारने कापसाच्या शेतीसाठी अमुदर्या आणि सिरदर्या या नद्यांचं पाणी वळवलं आणि जगातल्या मोठ्या तळ्यांपैकी एक तळं आटत गेलं. त्याच्या उघड्या पडलेल्या तळावरून खारट धुळीची वादळं उठतात हे पहिल्यांदा कुणाला दिसलं, तर १९७५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीरांना, अवकाशातून. म्हणजे ज्या सरकारने तळं आटवलं त्याच सरकारच्या माणसांनी वरून पुरावा पाहिला. पुढची कैक वर्षं पाणी वळवणं थांबलं नाही. बघितलं म्हणून काही होतं असं नाही, एवढं या एका उदाहरणावरून कळावं.

अमेरिकेतही तेच. लॉस एंजेलिस शहराने १९१३ मध्ये कालवा काढून ओवेन्स तळ्याचं पाणी नेलं, तळं कोरडं झालं आणि पुढे दशकानुदशकं तिथून धूळ उडत राहिली. २०१२ मध्ये पॉल जिनू आणि सहकाऱ्यांनी मॉडिसच्याच नोंदी वापरून जगभरच्या धुळीच्या उगमांचा नकाशा केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या धुळीपैकी सुमारे २५ टक्के धूळ माणसाने वापरलेल्या, बिघडवलेल्या जमिनीवरून उठते. रुपयात चार आणे. म्हणजे पुढच्या वेळी "नैसर्गिक" म्हणताना बारा आणेच म्हणा.

आता मामा, तुमच्या "शेजाऱ्यांची भेट" या वाक्याकडे येतो. (रागावू नका. तुम्ही हे वाचणार आणि रात्री फोन करणार हे धरूनच लिहितो आहे.)

त्या रविवारची धूळ पाकिस्तानकडून आली हे खरंच. पण उपग्रहाच्या फोटोत सीमारेषा नसते हो, ती आपण मनाने काढतो. इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवर सिस्तान नावाचा प्रदेश आहे. हिंदुकुशातून येणारी हेलमंड नदी तिथे हामून नावाच्या तळ्यांना मिळते. तळ्यांत मासे होते, काठाला बोरू-लव्हाळे होते, त्यावर माणसं जगत होती. वर नदीवर १९५० च्या दशकात कजाकी धरण झालं, कालवे निघाले, शेती वाढली, आणि १९९८ नंतर ओळीने दुष्काळाची वर्षं आली. तळी कोरडी पडली. त्या भागात उन्हाळ्यात 'एकशे वीस दिवसांचा वारा' म्हणून नावाजलेला वारा वाहतो. पूर्वी तो पाण्यावरून वाहायचा, आता तळाच्या मातीवरून. उपग्रहाच्या फोटोंत तिथून निघणारे पांढरट पट्टे स्पष्ट दिसतात आणि त्यातली काही धूळ दक्षिणेकडे अरबी समुद्रावर येते. तिथल्या लोकांनी ती आपल्याला पाठवलेली नाही. आपल्या आधी ती त्यांच्या मुलांच्या छातीत गेलेली असते.

आणि गंमत पुढेच आहे. आयआयटी भुवनेश्वरचे व्ही. विनोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उपग्रहांच्या नोंदी आणि संगणकावरची प्रारूपं वापरून दाखवलं की पावसाळ्यात अरबी समुद्रावर आणि पश्चिम आशियावर धूळ वाढली की आठवड्याभरातच मध्य भारतातला पाऊस वाढतो. धूळ ऊन शोषते, तिथली हवा तापते आणि समुद्रावरून आपल्याकडे येणारे बाष्पाचे वारे जोर धरतात. म्हणजे ज्या धुळीला तुम्ही शिव्या देता तिचा आपल्या पावसात हात आहे. शेजाऱ्याकडून काय काय येतं त्याची यादी करायचीच तर पुरती करा.

उलट १३ मे २०२४ ला संध्याकाळी मुंबईत धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला तो अजस्र फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसं गेली. ती धूळ कराचीची नव्हती. गडगडाटी वाऱ्याने आपल्याच आसपासची माती उचलली होती. तेव्हा "कुणाची भेट" असं ग्रुपवर कुणी विचारलं नाही. बाहेरून आलेली धूळ आपल्याला नीट दिसते, कारण तिचा फोटो असतो. घरच्या धुळीला फोटो नसतो.

"मग बघूच नये का हे फोटो?" असं आमच्या आत्येभावाने मागे मला विचारलं होतं. अरे बाबा, बघ की! मी रोज बघतो. अवकाशातून बघणं बंद करा असं म्हणणारा मूर्खच. सिस्तानात, चाडमध्ये, सहाराच्या मधोमध जमिनीवर हवा मोजणारी यंत्रं आहेतच किती? तिथे डोळा आहे तो वरचाच. आणि तो डोळा घडवायला माणसांनी जी खटपट केली ती ऐकण्यासारखी आहे. निम्बस-७ या उपग्रहावर १९७८ मध्ये 'टॉम्स' नावाचं उपकरण बसवलं ते ओझोन मोजायला. पुढे लक्षात आलं की त्याच्या अतिनील किरणांच्या नोंदींत धूळही सापडते. वाळवंटावरची धूळ ओळखणं तर आणखी कठीण, कारण खाली उजळ वाळू आणि वर उजळ धूळ. त्यावर क्रिस्टिना सू आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उपाय काढला. निळ्या प्रकाशात वाळवंटाची जमीन काळपट दिसते, म्हणून धूळ त्या रंगात शोधायची. युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहांवरून तर उष्णतेच्या किरणांवर रात्रीसुद्धा धूळ दिसते, तीही चक्क गुलाबी रंगात. आणि २०२२ पासून अंतराळस्थानकावर 'एमिट' नावाचं उपकरण आहे, ते उगमाच्या जमिनीत कोणती खनिजं आहेत ते बघतं. लोहाची तांबडी धूळ ऊन शोषते, फिकी धूळ ते परत पाठवते. म्हणजे ज्या रंगाला आपण बदाम देतो, त्या रंगावर हवा तापणार की निवणार हे ठरतं.

पण या सगळ्यात माझा आवडता माणूस म्हणजे जोसेफ प्रॉस्पेरो. या गृहस्थांनी १९६५ पासून बार्बाडोसच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून येणारी धूळ गोळा करून मोजायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं, दशकानुदशकं. पुढे आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडला तेव्हा समुद्रापलीकडे बार्बाडोसला धूळ वाढलेली त्यांच्या नोंदींत सापडली. आणि २००२ मध्ये टॉम्सच्या नकाशांवरून जगातल्या धुळीचे मुख्य उगम म्हणजे वाळूचे डोंगर नव्हेत, तर सखल भाग, त्यातही जुन्या तळ्यांचे तळ, हे मांडणाऱ्या प्रसिद्ध लेखाचे पहिले लेखकही तेच. त्यांना फोटो वाचता आला, कारण त्यांनी आधी तीन-साडेतीन दशकं खाली उभं राहून धूळ हाताळली होती. त्याही आधी, १८३२ मध्ये, केप व्हर्डेजवळ बीगल जहाजावर पडलेली धूळ डार्विनने पुडीत बांधून घेतलीच होती. वरून बघणाऱ्याला खाली कुणाचं तरी नाक लागतंच.

तर माझं मागणं फार नाही. पुढच्या वेळी असा फोटो आला तर बदाम टाकण्याआधी चार प्रश्न विचारा. फोटो कधीचा? धूळ किती उंचीवर आहे? ती जिथून उठली तिथे आधी काय होतं, आणि ते कुणी घालवलं? आणि आत्ता या पट्ट्याखाली कोण राहतं? उत्तरं येत नसतील तर निदान चौथा प्रश्न तरी विचारा. संयुक्त राष्ट्रांनी १२ जुलै हा दिवस वाळू आणि धुळीच्या वादळांसाठी ठेवला आहे. त्या दिवशी पुन्हा हेच सुंदर फोटो फिरतील, तेव्हा आठवलं तरी पुरे.

परवा तो फोटो आला तेव्हा आई शेजारीच बसली होती. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला. मी म्हटलं, "आई, ही ती त्या रविवारची धूळ." तिने पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "यात आपण कुठे?"

मी बोट ठेवून दाखवलं. पट्ट्याच्या खाली उजवीकडे, जिथे फोटो संपतो त्याच्याही पलीकडे. आपण फोटोत नव्हतोच.

असो. मामा, आता करा फोन.